चकत्यांवरून काकड्या मोजता येतात का? स्टिरिऑलॉजीची पहिली शिकवणी, बोकडाच्या गुर्द्यावर

कोशिंबिरीसाठी दोन काकड्या चिरल्या. एक वीतभर लांब, दुसरी बोटाएवढी. ताटात चाळीस चकत्या पडल्या. कोणी नुसतं ताट बघितलं आणि विचारलं, काकड्या किती होत्या, तर उत्तर देता येणार नाही. लांब काकडीच्या चकत्या जास्त पडतात, म्हणून चकत्यांचा आकडा काकड्यांची संख्या आणि त्यांची लांबी दोन्ही एकत्र कालवून सांगतो.

हिस्टॉलॉजीची, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाची, स्लाइड म्हणजे हेच ताट. मायक्रोस्कोपखाली दिसतात त्या पेशींच्या, ग्लोमेरुलायच्या (किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांच्या) चकत्या. तरीही "दर फील्डमध्ये सरासरी इतक्या पेशी" असं लिहिलेले प्रबंध मी दरवर्षी वाचते (फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा भाग). त्यामागे दोन-तीन वर्षांचे कष्ट असतात आणि मोजलेली गोष्ट भलतीच असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सपाट कापांवरून घन वस्तूचं खरं माप काढण्याचं शास्त्र म्हणजे स्टिरिऑलॉजी. पुण्यात अ‍ॅनॉटॉमी, पॅथॉलॉजी, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. महागडं यंत्र लागत नाही. सुरुवात मटणाच्या दुकानापासून करता येते.

आधी टेकडीवरचा दगड

सपाट कापावरून घन वस्तूचं माप काढण्याची कल्पना डॉक्टरांना नाही, दगड अभ्यासणाऱ्यांना आधी सुचली. 1847 साली देलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने दाखवलं की दगडाच्या कापलेल्या पृष्ठभागावर एखाद्या खनिजाने जितका टक्के भाग व्यापलेला असतो, सरासरीने तितकाच टक्के भाग ते दगडाच्या घनफळात व्यापतं. तो खनिजांचे ठिपके मेणकागदावर उतरवायचा, मग धातूच्या पातळ पत्र्यावर कापून त्यांचं वजन करायचा. पुढे 1930च्या दशकात ग्लागोलेव्ह यांनी हे काम सोपं केलं: कापायचं नाही, वजन करायचं नाही, पृष्ठभागावर बिंदूंची जाळी टाकायची आणि किती बिंदू खनिजावर पडले ते मोजायचे.

आपल्याकडे यासाठी उत्तम सामान पडलेलं आहे. वेताळ टेकडीवर किंवा कुठल्याही जुन्या खाणीजवळ पांढऱ्या ठिपक्यांचा काळा बेसॉल्ट दिसतो. त्याच्या सपाट फुटलेल्या बाजूचा मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडा, अ‍ॅनालाइझ, मग टूल्स, मग ग्रिड, तिथे क्रॉसेस निवडा आणि रँडम ऑफसेटवर खूण करा. 200 पैकी 30 बिंदू पांढऱ्यावर पडले, तर त्या दगडात पांढरं खनिज अंदाजे 15 टक्के. अर्ध्या तासात हाताला सवय होते. दगडावर चुकलं तर कोणाचा प्राणी वाया जात नाही, म्हणून मी सगळ्यांना आधी इथेच पाठवते.

गुर्दा आणा, आणि अख्खा आणा

आता खरा अवयव. मटणवाल्या मामांना सांगा, गुर्दा चिरू नका, चरबी काढून अख्खा द्या. "अख्खा" हा शब्द या सगळ्या शास्त्राचा पाया आहे. अवयवाचा एक तुकडा हातात असेल तर त्या तुकड्याबद्दलच बोलता येतं.

सारख्या जाडीच्या चकत्या कापता याव्यात म्हणून गुर्दा अगरच्या ठोकळ्यात बसवायचा. चायना ग्रास म्हणजे अगर. पूड मिळाली तर बरी. 100 मिलिलिटर पाण्याला 3 ते 4 ग्रॅम या हिशेबाने उकळून पूर्ण विरघळवा. श्रीखंडाचा रिकामा चौकोनी डबा घ्या. अगर हाताला सोसवेल इतपत निवला, साधारण 45 ते 50 अंशांवर आला, की गुर्दा डब्यात आडवा ठेवून वरून ओता. फार गरम ओतलात तर बाहेरचा थर शिजतो, फार थंड झाला तर गुठळ्या होतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

अगरमध्ये ठेवण्याआधी मात्र एक माप घेऊन ठेवायचं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. गुर्दा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. शेर्ले यांनी 1970 साली अवयवांसाठी ही पद्धत मांडली. मुळात मात्र ती आर्किमिडीजचीच. हा आकडा वहीत लिहा आणि पान उलटा. नंतर पडताळायला लागेल.

पहिली चीर चिठ्ठी टाकून

आपल्याला 5 मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आहेत. 5 मिलिमीटर उंचीच्या दोन अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या समोरासमोर ठेवा, मध्ये अगरचा ठोकळा उभा, आणि पट्ट्यांवरून लांब पात्याची सुरी सरकवा. प्रत्येक वेळी खालची 5 मिलिमीटरची चकती सुटते.

पण पहिली चीर कुठे द्यायची? इथे बहुतेकांचा हात आपोआप "छान दिसेल अशा" जागी जातो. तो थांबवायचा. खिशातली नोट काढा, नंबरातले शेवटचे दोन आकडे बघा. समजा 37 आले. 5 मिलिमीटरचे 37 टक्के म्हणजे 1.85. गुर्द्याचं टोक जिथे सुरू होतं तिथून 1.85 मिलिमीटरवर पहिली चीर. त्यानंतर डोळे झाकून दर 5 मिलिमीटरला.

याला सिस्टिमॅटिक युनिफॉर्म रँडम सॅम्पलिंग म्हणतात. पेठेतल्या घरांची पाहणी करताना पहिल्या पाचांतलं एक घर चिठ्ठीने काढायचं आणि मग प्रत्येक पाचवं घर घ्यायचं, तसंच. सुरुवात नशिबावर, पुढचं शिस्तीवर. असं केल्याने गुर्द्याच्या प्रत्येक कणाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळते. माझ्या मते स्टिरिऑलॉजीतलं खरं शिकण्यासारखं एवढंच आहे, बाकीचा सगळा हिशेब आहे. चुकीच्या पद्धतीने निवडलेली हजार फील्ड मोजली तरी चूक कमी होत नाही. ती फक्त जास्त खात्रीशीर दिसू लागते.

बिंदू मोजणे

अप्पा बळवंत चौकात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक शीटवर अधिक चिन्हांची जाळी छापून मिळते. दोन चिन्हांमध्ये दोन्ही दिशांना 7 मिलिमीटर ठेवा, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला 49 चौरस मिलिमीटर येतात. छापून आल्यावर पट्टीने मोजून बघा. प्रिंटर पानात बसवायला आकार बदलतो आणि मग सगळं गणित बिघडतं.

चकत्या एका ताटात क्रमाने मांडा, सगळ्यांचा एकाच दिशेचा चेहरा वर. 12 चिरा दिल्या असतील तर तुकडे 13 होतील, पण एका टोकाच्या तुकड्याला त्या दिशेला चिरलेला चेहराच नसतो. तो सोडून द्यायचा. प्रत्येक चीर एकदाच मोजली गेली पाहिजे.

आता शीट चकतीवर न बघता ठेवा. अधिक चिन्ह जाडसर असतं, मग "बिंदू" नेमका कुठे? आधीच ठरवा: आडवी आणि उभी रेघ मिळतात तिथला वरचा उजवा कोपरा. तो कोपरा किडनीवर असेल तर मोजायचा, नसेल तर नाही. काठावरच्या बिंदूंवर वाद होतात ते या एका नियमाने मिटतात. रीनल पेल्व्हिसमधली (किडनीच्या आत लघवी गोळा होते तिथली) पोकळी आणि चरबी वगळायची की धरायची तेही आधीच लिहून ठेवा.

समजा 12 चेहऱ्यांवर असे बिंदू आले: 4, 11, 17, 21, 23, 24, 24, 22, 20, 16, 10, 4. बेरीज 196.

आकारमान = चकतीची जाडी × एका बिंदूचं क्षेत्रफळ × एकूण बिंदू
= 5 × 49 × 196 = 48,020 घन मिलिमीटर, म्हणजे 48 घन सेंटिमीटर.

आता वहीतलं ते उलटलेलं पान काढा. पाण्यातला आकडा 47 ते 50च्या आसपास निघाला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दोनशेपेक्षा कमी बिंदू, एक सुरी आणि एक झेरॉक्स.

या पद्धतीला कॅव्हालिएरीचं नाव आहे. सतराव्या शतकातला हा इटालियन गणिती, गॅलिलिओचा शिष्य. आज एमआरआयच्या चित्रांवर जिवंत माणसाचा मेंदू किंवा यकृत याच रीतीने मोजता येतं, सुरी न लावता, कारण स्कॅनरच्या चकत्या आधीच सारख्या अंतरावर असतात.

त्याच बिंदूंमध्ये कॉर्टेक्सवरचे, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरावरचे, वेगळे टिपले असतील तर आणखी एक माप फुकट मिळतं. 196 पैकी 137 कॉर्टेक्सवर, तर कॉर्टेक्स 137 × 245, म्हणजे सुमारे 33.6 घन सेंटिमीटर, एकूण किडनीच्या 70 टक्के.

कशासाठी काय वापरायचं

मायक्रोस्कोपकडे वळण्याआधी एक नियम पाठ करावा. मोजायच्या गोष्टीच्या मिती आणि मोजण्याच्या साधनाच्या मिती यांची बेरीज किमान 3 हवी. आकारमानाला तीन मिती, म्हणून शून्य मितीचा बिंदू पुरतो. पृष्ठभागाला दोन, म्हणून रेषा लागते. केशवाहिनीच्या लांबीला एक, म्हणून प्रतल. आणि संख्येला मितीच नाही, म्हणून संख्या मोजायला घन साधन लागतं. एका पातळ सेक्शनवरून, म्हणजे स्लाइडवरच्या कापावरून, पेशींची संख्या का निघत नाही, याचं उत्तर या ओळीत आहे.

पृष्ठभाग आणि लांबी मोजताना दिशेचंही भान ठेवावं लागतं. रेघ पृष्ठभागाला कुठल्या कोनात छेदते त्यावर छेदांची संख्या बदलते. म्हणून सेक्शनची दिशासुद्धा रँडम करावी लागते. त्वचा, आतडं, मेंदूचं कॉर्टेक्स अशा थरांच्या अवयवांत 1986 साली बॅडली, गुंडरसन आणि क्रूझ-ओरिव्ह यांनी मांडलेली व्हर्टिकल सेक्शनची पद्धत सोयीची: एक उभा अक्ष कायम ठेवायचा, त्याभोवती रँडम फिरवून कापायचं आणि सरळ रेघांऐवजी सायक्लॉइड वक्र वापरायचे. हा स्वतंत्र विषय आहे. आकारमान आणि संख्येसाठी मात्र दिशा सोयीची घेतली तरी चालते, म्हणून शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

संख्या: दोन सेक्शन, एक प्रश्न

1984 साली जर्नल ऑफ मायक्रोस्कोपीत डी. सी. स्टेरिओ या नावाने एक लेख आला. नाव खरं नव्हतं. "डिसेक्टर" या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून ते बनवलं होतं. लेखातली कल्पना मात्र सोपी आणि अतिशय सुंदर होती. काकड्यांकडे परत चला: चकत्या न मोजता फक्त देठ मोजले तर? प्रत्येक काकडीला देठ एकच, काकडी लांब असो की आखूड.

डिसेक्टर हेच करतो. माहीत असलेल्या अंतरावरची दोन सेक्शन शेजारी ठेवायची. ग्लोमेरुलस पहिल्यात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, म्हणजे त्याचा शेवट या दोन सेक्शनच्या मध्ये आहे. तो मोजायचा. दोन्हींत दिसला तर सोडायचा. मग उलट दिशेने तेच, आणि बेरजेची निम्मी. दोन सेक्शनमधलं अंतर कणाच्या व्यासाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ठेवावं, म्हणजे मधल्यामध्ये अख्खा कण हरवत नाही.

फील्डच्या काठावरच्या कणांसाठी चौकटीचा नियम आहे. डावी आणि खालची कड लाल, वरची आणि उजवी हिरवी. लाल रेषेला स्पर्श झाला की कण बाद. हिरव्याला झाला तरी चालतो. लाल रेषा डाव्या कोपऱ्यातून वर आणि उजव्या कोपऱ्यातून खाली चौकटीबाहेरही वाढवलेली असते, ती विसरू नका. नाहीतर मोठे आणि वेडेवाकडे कण दोन शेजारच्या चौकटींत दोनदा मोजले जातात.

आता फ्रॅक्शनेटर, म्हणजे माहीत असलेला हिस्सा मोजून त्यावरून एकूण काढण्याची रीत. समजा उंदराची, म्हणजे लॅबमधल्या रॅटची किडनी संपूर्ण 5 मायक्रोमीटरच्या सेक्शनमध्ये कापली. चिठ्ठीने सुरुवात ठरवून दर 100 सेक्शनला एक निवडलं आणि त्याच्यापासून पाचवं जोडीला घेतलं. जोडीची उंची 5 सेक्शन, म्हणून हिस्सा 5/100, म्हणजे 1/20. प्रत्येक जोडीवर क्षेत्रफळाचा 1/10 भाग चौकटींनी बघितला. दोन्ही दिशांना मिळून 300 ग्लोमेरुलाय मोजले, निम्मे 150.

एकूण = 20 × 10 × 150 = 30,000.

रॅटच्या एका किडनीत ग्लोमेरुलाय साधारण एवढेच असतात. आणि इथे आकारमान कुठेच आलं नाही हे लक्षात घ्या. पॅराफिनमध्ये टिशू आकसतो, फॉर्मॅलिनमध्ये बदलतो, पण कण किती ते बदलत नाही. हिस्सा माहीत असला की पुरे. न्यूरॉनसारख्या लहान पेशींसाठी जाड सेक्शनमध्ये फोकस वरून खाली नेत हाच हिशेब करतात, त्याला ऑप्टिकल फ्रॅक्शनेटर म्हणतात. त्याला ऑइलचं जास्त अ‍ॅपर्चरचं लेन्स लागतं आणि सेक्शनची जाडी मोजणीच्या जागीच मोजावी लागते. मायक्रोटोमवर, म्हणजे सेक्शन कापणाऱ्या यंत्रावर, लावलेला आकडा धरू नये.

माणसाच्या एका किडनीत हीच संख्या सुमारे 2 लाखांपासून 27 लाखांपर्यंत आढळली आहे. ग्लोमेरुलस हा नेफ्रॉनचा, म्हणजे किडनीच्या गाळणीच्या एककाचा भाग, प्रत्येक नेफ्रॉनला एक. नवे नेफ्रॉन गर्भाच्या साधारण 36व्या आठवड्यानंतर तयार होत नाहीत. 1988 साली ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की जन्मतः कमी नेफ्रॉन असणं पुढच्या रक्तदाबाशी जोडलेलं असावं. कमी वजनाच्या बाळांवर पुणे आणि आसपासच्या गावांत कितीतरी वर्षं काम चाललेलं आहे. म्हणून हे आकडे नीट मोजायला शिकलेली माणसं या शहरात जास्त हवीत, असं मला तळमळीने वाटतं.

घनतेचा सापळा

सगळं नीट केलं आणि शेवटी "दर घन मिलिमीटर इतके" लिहिलं तर? एका किडनीत 1,000 कण, आकारमान 10. घनता 100. औषधाने 100 कण मेले, पण अवयव आकसून 6 झाला. आता 900 भागिले 6, घनता 150. कण दहा टक्क्यांनी कमी झाले आणि प्रबंध म्हणतो दीडपट झाले. म्हणून घनतेबरोबर अख्ख्या अवयवाचं आकारमान द्यायचंच. त्याच्याशिवाय आलेला घनतेचा आकडा मी आता वाचत नाही.

किती मोजायचं

कमी. हे ऐकून गाईड नाराज होतात, म्हणून हिशेब देते. समजा प्राण्याप्राण्यांतला खरा फरक 20 टक्के आहे आणि आपल्या मोजणीची चूक 10 टक्के. दोन्हींच्या वर्गांची बेरीज 400 अधिक 100, वर्गमूळ 22.4. चौपट मोजलं तर मोजणीची चूक 5 टक्के होते, मग 400 अधिक 25, वर्गमूळ 20.6. चौपट रात्री जागून 22.4चे 20.6. पाच प्राण्यांच्या गटात सरासरीची चूक 10 टक्क्यांवरून 9.2 टक्क्यांवर येते. त्याऐवजी तेवढीच ढोबळ मोजणी ठेवून दहा प्राणी घेतले तर ती 7.1 होते. म्हणून दर प्राण्यामागे 100 ते 200 बिंदू किंवा कण मोजावेत आणि पुढच्या प्राण्याकडे जावं. प्राण्यांची संख्या हाच हिशेब दाखवून संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी.

इमेजमधून पेशी आपोआप ओळखणारे प्रोग्रॅम आता बरेच आलेत. ते वापरा, पण ते चकत्या फार वेगाने मोजतात एवढंच. दोन सेक्शनची जोडी दिली नाही तर देठ त्यांनाही दिसत नाही.

लॅबमध्ये आधी बोला

माझ्या पहिल्या मोठ्या कामात किडनीचे ब्लॉक मी एका लॅबमध्ये कापायला दिले. तिथल्या काकांचा हात सोन्यासारखा. त्यांनी सुरुवातीची अर्धवट सेक्शन, सुरकुत्या पडलेली, फाटलेली, सगळी काढून टाकली आणि मला काचेसारख्या स्वच्छ स्लाइड दिल्या. त्यांच्या दृष्टीने ते चांगलं काम होतं. माझ्यासाठी दोन महिन्यांचं काम संपलं होतं, कारण कितवं सेक्शन कुठलं हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी ब्लॉकबरोबर एक छापील कागद देते. टिशूचा पहिला कण दिसलेल्या सेक्शनपासून मोजणी सुरू. रिबन (सेक्शनची सलग पट्टी) कितीही वाईट आली तरी नंबर पुढे सरकतो. फाटलेलं सेक्शन मोजायचं आणि शेऱ्यात लिहायचं. निवडलेलं सेक्शनच फाटलं तर शेजारचं घ्यायचं आणि तसं नोंदवायचं. स्लाइडवर पेन्सिलने नंबर, उजवीकडे वर. आणि काकांबरोबर पहिला तास मायक्रोटोमशेजारी उभं राहायचं, चहा त्यांना आपण आणायचा.

प्रबंधाच्या पद्धती विभागात पुढच्या गोष्टी आकड्यांत याव्यात: रँडम सुरुवात कशी काढली, चकत्यांची जाडी, जाळीतलं एका बिंदूचं क्षेत्रफळ, प्रत्येक टप्प्यावरचा हिस्सा, डिसेक्टरची उंची, लेन्सचं अ‍ॅपर्चर, दर प्राण्यामागे प्रत्यक्ष मोजलेले बिंदू आणि कण, आणि मोजणाऱ्याला गट माहीत होता की नाही. शेवटच्यासाठी स्लाइडवरचे गटांचे कोड मैत्रिणीकडून बदलून घ्या आणि यादी मोजणी संपेपर्यंत तिच्याच कपाटात राहू द्या.